सोसायटीत पहिला बाहुल्यांचा खेळ करायचाय? मग इथून सुरुवात करा

गणपती जवळ आले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तीच यादी फिरते, चित्रकला, फॅन्सी ड्रेस, संगीत खुर्ची, आणि मग एखादी ताई हळूच विचारते की यंदा बाहुल्यांचा खेळ बसवूया का, सगळे अंगठे दाखवतात आणि गाडी अडते ती "पण करायचं कसं" इथे. हा लेख त्या ताईसाठी आहे. बालवाडीच्या बाईंना चालेल, सुट्टीत भाचरं जमली की काहीतरी करावंसं वाटणाऱ्या मावशीलाही चालेल.

आधी एकच गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाहुली जिवंत वाटते ती तिच्या नजरेमुळे. रंगरंगोटी, कपडे, दागिने हे सगळं नंतर. हजारो रुपयांची बाहुली छताकडे बघत बोलत राहिली तर पाचव्या मिनिटाला मुलं चुळबुळ करायला लागतात, आणि जुन्या मोज्याला दोन बटणं शिवलेली बाहुली पहिल्या रांगेतल्या पोराकडे नीट बघून "तू कोण रे?" म्हणाली तर तो पोरगा तिला खरंच स्वतःचं नाव सांगतो. म्हणून तुमच्याकडे महिना असेल तर बाहुल्या बनवण्यात एक आठवडा घालवा आणि बाकीचे तीन आठवडे हात बसवायला ठेवा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं, आदल्या रात्रीपर्यंत टिकल्या चिकटवणं चालू असतं.

बाहुली कुठली घ्यायची

प्रकार भरपूर आहेत. दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या, हातात घालायच्या हातमोजा बाहुल्या, काठीवरच्या बाहुल्या, पडद्यामागून सावली पाडणाऱ्या छायाबाहुल्या. बोलक्या बाहुल्या म्हणजे शब्दभ्रम ही पुन्हा वेगळीच विद्या, त्यात माणूस समोर बसलेला दिसतो आणि ओठ न हलवता बोलतो. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव त्यांचे चिरंजीव रामदास पाध्यांनी घराघरात पोचवला त्यामुळे आपल्याकडे बाहुली म्हटलं की लोकांना आधी तेच आठवतं. ते शिकायला वर्षं जातात, पहिल्या प्रयोगाला त्याच्या वाटेला जाऊ नका.

कळसूत्रीचाही मोह टाळा. दोरे गुंततात, आणि एकदा गुंतले की तो सीन तिथेच संपला. नव्या माणसाने हातमोजा बाहुलीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे बाहुली आणि तुमचा हात यांच्यामध्ये काहीच नसतं, मनगट वाकलं की बाहुली वाकते, बोट थरथरलं की बाहुली घाबरते. तोंड उघडणारं एखादं पात्र हवंच असेल तर मोज्याचं करा. छायाबाहुल्याही सोप्या आहेत, पण अंधार लागतो, आणि तीन वर्षांच्या मुलांना गच्च अंधारात बसवलं की एक रडतं आणि मग सगळीच रडतात.

गोष्ट

नवीन गोष्ट लिहायच्या भानगडीत पहिल्या वेळी पडू नका. मुलांना माहीत असलेली गोष्ट घ्या. पुढे काय होणार हे माहीत असतं तेव्हा मुलं जास्त ओरडतात आणि तेच आपल्याला हवंय. काऊ-चिऊ आहे, टोपीवाला आणि माकडं आहेत, पण माझी सगळ्यात लाडकी म्हणजे भोपळ्यातली म्हातारी. बाहुल्यांसाठीच केल्यासारखी गोष्ट आहे ती. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, ती प्रत्येकाला सांगते "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा", आणि परतताना भोपळ्यात बसून "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक". म्हणजे बघा, एका वेळी रंगमंचावर दोनच पात्रं, एकच वाक्य परत परत येणारं, आणि शेवटी उड्या मारणारा भोपळा. दोन माणसं चार हातांत अख्खा खेळ करू शकतात.

लिहिताना कुठल्याही पात्राला सलग दोन ओळींच्या वर संवाद देऊ नका. बाहुलीचं तोंड बोलत असतं तेव्हा मुलं ऐकतात, पण बाहुली काहीतरी करत असते तेव्हा बघतात, आणि बघणं नेहमी जिंकतं. म्हातारी "मी आता दमले" म्हणण्यापेक्षा चार पावलं टाकते, थांबते, कंबरेवर हात ठेवते, पुन्हा चालते, हे जास्त बोलकं आहे. नीती-बोध शेवटी सांगायची सवय असेल तर ती तेवढी सोडा, मुलांना कळलेलं असतं.

आणि म्हातारी तुमच्या आजीच्या बोलीत बोलू दे. आजी मालवणी बोलत असेल तर मालवणी, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर फारच छान. पुस्तकी मराठीतली म्हातारी कोणालाच आपली वाटत नाही. आखातात नाहीतर अमेरिकेत मराठी मंडळात करत असाल तर मुलांना सगळे शब्द कळणार नाहीत ही भीती असते, पण ते एकच वाक्य चार वेळा येतं ना, तिसऱ्या वेळी मुलं ते स्वतःच म्हणायला लागतात.

वेळ: तीन ते पाच वर्षांची मुलं असतील तर १५ ते २० मिनिटं. सगळं कुटुंब मिळून बघणार असेल तर ३० मिनिटं, त्यापुढे जाऊ नका.

बाहुली बनवताना

डोक्यासाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे कागदाचा लगदा. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी मिक्सरमधून काढा, पाणी घट्ट पिळून टाका. त्यात मैद्याची शिजवलेली खळ आणि भिजवून वाटलेली मेथी घाला. पूर्वी आपल्याकडे कागदाच्या टोपल्या करायच्या तेव्हा त्यात मेथी घालायचे, ती कीड लागू देत नाही आणि लगदा चिकटही होतो. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात तो इथे अजिबात वापरू नका, तो विषारी असतो आणि ही बाहुली मुलांच्या हातात जाणार आहे, एखादं मूल तिचा कान चावून पण बघणार आहे.

पुठ्ठ्याची एक छोटी नळी करा, तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत आत जाईल एवढी. तिच्यावर चुरगळलेल्या कागदाचा गोळा दोऱ्याने गुंडाळून बांधा आणि वरून लगद्याचा पातळ थर. पातळच. जाड थर म्हणजे जड डोकं, आणि जड डोकं म्हणजे दहाव्या मिनिटाला दुखणारा हात. नाक मोठं करा, भुवया ठळक करा, कारण मागच्या रांगेतून ओठ-बिठ काही दिसत नाहीत, नाक कुठल्या बाजूला वळलं तेच दिसतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे डोकं पंख्याखाली वाळायला तीन-चार दिवस सहज घेतं आणि मध्येच बुरशी धरतं, त्यामुळे गणपतीत खेळ असेल तर डोकी मे महिन्यात करून ठेवा, नाहीतर सरळ कापडाची करा, आत कापूस भरून.

डोळ्यांवर मात्र कंजुषी नको. पांढऱ्यावर काळी बुबुळं, मॅट रंगाने, आणि बुबुळं अगदी मध्यभागी न काढता किंचित खाली काढा. का ते पुढे सांगते. चकचकीत वॉर्निश लावू नका, दिवा पडला की डोळ्यांच्या जागी नुसता उजेड चमकतो.

अंगरखा कोपरापर्यंत लांब हवा. शिवताना आधी स्वतःचा हात कागदावर ठेवून आखून घ्या आणि शिवणीला दोन बोटं जास्त सोडा. म्हातारीला जुन्या नऊवारीच्या काठाचा तुकडा, वाघाला पिवळं फ्लॅनेल, झालं. लेकीकडून परत येणारी जाड म्हातारी वेगळी करा, तेच डोकं, तसंच लुगडं पण गालावर लगद्याचा आणखी एक थर आणि अंगरख्याच्या आत कापूस. ती पडद्यावर येते तेव्हा मुलं जी हसतात ना, त्यासाठी ही दुसरी बाहुली करायची मेहनत घ्याच.

भोपळा खरा घेऊ नका, पेलणार नाही. फुग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून पोकळ गोळा करा, पुढे खिडकी कापा, खालून म्हातारीचा हात आत जाईल एवढं भोक ठेवा आणि बाजूला एक काठी पक्की बसवा. म्हातारी एकाच्या हातात, भोपळ्याची काठी दुसऱ्याच्या. टुणूक म्हटलं की दोघांनी एकदम उचलायचं. हे एकदम जमायला सरावच लागतो.

रंगमंच

दरवाजात आडवी साडी बांधूनही होतं. हॉलमध्ये करायचं असेल तर दोन जड टेबलं किंवा पाण्याने भरलेले कॅन, त्यांना उभे बांबू घट्ट बांधायचे, वर आडवा बांबू, त्याच्यावरून गडद एकरंगी चादर. फुलाफुलांची बेडशीट नको, त्यावर बाहुली हरवते. मागेही एक गडद पडदा हवा म्हणजे पंखा, स्विचबोर्ड आणि मध्येच पाणी प्यायला जाणारे काका दिसत नाहीत.

उंची: उभं राहून खेळ करणार असाल तर आडवा बांबू तुमच्यातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यापेक्षा चार बोटं वर. स्टुलावर बसून करायचं असेल तर बसल्यावर डोक्याच्या चार बोटं वर. पहिल्यांदा करणाऱ्यांनी बसूनच करावं असं मी सांगेन, कारण मग रंगमंच मुलांपासून फार उंच जात नाही. मुलं सतरंजीवर बसतात, पहिली रांग पडद्यापासून निदान दीड मीटर लांब ठेवा, त्यापेक्षा जवळ बसली तर मान दुखते आणि काहीजण येऊन चादर ओढतात. मोठ्यांना मागे खुर्च्या. साठ-सत्तर माणसांच्या पुढे गर्दी होणार असेल तर दोन खेळ लावा, मागच्याला बाहुली दिसत नसेल तर तो बोलायला लागणार.

दोन एलईडी दिवे, दोन्ही बाजूंनी तिरपे, बाहुलीच्या चेहऱ्यावर पडतील असे. हॉलचे सगळे दिवे घालवू नका, मागचा एखादा चालू राहू दे. आणि पडद्यामागे समई, मेणबत्ती काहीही नको, तिथे चादरी आहेत, कागद आहे, आणि तुमचे दोन्ही हात अडकलेले आहेत.

हात आणि नजर

आता खरं काम. तर्जनी डोक्यात, अंगठा बाहुलीच्या एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात, उरलेली दोन बोटं तळहाताशी मिटलेली. आरशासमोर बसा, हात आरशात बाहुलीपुरताच दिसेल असा, आणि बाहुलीला काहीही न करता फक्त उभी करा. सरळ उभी आहे का बघा. नव्वद टक्के लोकांची बाहुली मागे रेललेली असते कारण आपलं मनगट नैसर्गिकपणे तसंच राहतं. मनगट थोडं पुढे वाकवा. आणखी थोडं. आता ती आरशात तुमच्या डोळ्यांत बघेल.

प्रयोगात तर याच्याही खाली बघायचंय कारण मुलं जमिनीवर बसलेली असतात आणि बाहुली त्यांच्या वर असते. नवीन माणसाची बाहुली हमखास मुलांच्या डोक्यावरून मागच्या खुर्च्यांकडे बघते, आणि मुलांना कारण सांगता येत नाही पण ती आपल्याशी बोलत नाहीये हे त्यांना कळतं. म्हणून बुबुळं किंचित खाली. सोपी परीक्षा: फोन जमिनीपासून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून रेकॉर्ड करा आणि बघा बाहुली कॅमेऱ्याकडे बघतेय का.

मग श्वास. बाहुली उभी असताना तर्जनी अगदी थोडी वर, थोडी खाली, सावकाश. बस एवढंच. बाकी पूर्ण स्थिर. हे पाच मिनिटं करून बघा, कंटाळा येईल पण बघणाऱ्याला ती झोपलेली, जागी, वाट बघत असलेली वाटायला लागेल. नवीन लोक बाहुली सतत हलवत राहतात, बोलताना प्रत्येक शब्दाला डोलवतात, आणि मग दोन बाहुल्या समोर असल्या की कोण बोलतंय तेच कळत नाही. नियम असा: बोलते ती हलते, ऐकते ती स्थिर राहून बोलणाऱ्याकडे बघते. ऐकणाऱ्या बाहुलीने एकदा मान वळवून प्रेक्षकांकडे बघितलं, पुन्हा वाघाकडे बघितलं, की तिच्या मनात काय चाललंय ते सगळ्यांना समजतं, संवाद लागतच नाही.

काही आलं, पडलं, आवाज झाला तर क्रम लक्षात ठेवा. आधी बाहुली बघते, मग थांबते, मग घाबरते किंवा हसते. डरकाळी ऐकू आली आणि म्हातारी लगेच थरथरायला लागली तर मजा नाही. डरकाळी, म्हातारीची मान हळूच वळते, काही नाही, पुन्हा समोर बघते, आता वाघ मागून वर येतो, मुलं ओरडतात "मागे बघ! मागे बघ!", म्हातारी दुसऱ्याच बाजूला बघते. इथे जितका वेळ ताणता येईल तितका ताणा.

बाहुली खालून लिफ्टसारखी वर येऊ देऊ नका. बाजूने चालत आणा, किंवा जिना चढतेय असं तीन-चार टप्प्यांत वर आणा. जातानाही तसंच. आणि बुडणं. हात दमला की बाहुली नकळत खाली जाते, आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, आणि हे करणाऱ्याला स्वतःला कधीच जाणवत नाही. आतल्या बाजूला बांबूच्या खाली एक दोरी आडवी बांधा आणि तुमचा कोपराखालचा हात तिला टेकलेला राहू दे, तो दोरीपासून खाली सरकला की लगेच कळतं.

तोंड उघडणारी मोज्याची बाहुली असेल तर आणखी एक गोष्ट शिकावी लागते. तोंड उघडताना अंगठा खाली न्यायचा, वरची चार बोटं जागेवर. आपला हात उलटं करतो, वरची बोटं उचलतो, आणि बाहुली प्रत्येक शब्दाला आकाशाकडे बघते, म्हणजे नजर गेलीच. आणि तोंड शब्द सुरू होताना उघडायचं. "आजी, भूक लागली" यात आ-जी-भूक-लाग-ली असं पाच वेळा. भरभर बोलायचं असेल तर फक्त जोर येतो तिथे, आ-भूक-लाग. घरात टीव्हीवर बातम्या लागल्या असतील तर रिकाम्या हाताने निवेदकाबरोबर तोंड उघडमीट करत बसा, मस्त सराव होतो.

आवाज

खेळ आधी रेकॉर्ड करून नुसतं प्ले करू नका. सोपं वाटतं, पण मुलं मध्ये बोलणार आहेत, वाघाला सल्ले देणार आहेत, आणि रेकॉर्डिंग थांबत नाही. वीस-तीस मुलं असतील तर माइकशिवाय होतं, जास्त असतील तर दोघांना हेडसेट माइक, हातात धरायचा माइक चालणार नाही हे उघड आहे. म्हातारीसाठी चिरका आवाज काढत बसू नका, अर्ध्या तासात घसा बसतो. वेग बदला. म्हातारी सावकाश आणि मध्ये थांबत, कोल्हा भरभर, वाघ हळू आणि खालच्या पट्टीत. संगीताला एक ढोलकी किंवा डफली, टाळ, आणि डब्यात तांदूळ घालून पावसाचा आवाज. तिसरा माणूस मिळाला तर त्याला फक्त हेच काम द्या.

तालीम आणि प्रयोगाचा दिवस

पहिले चार-पाच दिवस बाहुल्यांशिवाय नुसतं वाचन, मग बाहुल्या घेऊन पण पडद्याशिवाय, मग पडद्यामागे. पडद्यामागे गेल्यावर कळतं की खरी अडचण जागेची आहे, कोण कुठून कुठे सरकणार, वाघ काढून कोल्हा घालायला किती वेळ लागतो. आतल्या बाजूला बाहुल्या हुकांना उलट्या टांगून ठेवा, डोकं खाली आणि अंगरख्याचं उघडं तोंड वर, म्हणजे दुसऱ्या हाताची मदत न घेता हात आत घालता येतो. संहिता मोठ्या अक्षरात छापून पडद्याला आतून पिनांनी लावा. एक तालीम दोन-तीन मुलांसमोर नक्की करा, ती कुठे उठून जातात तिथे कात्री लावा.

प्रयोगाच्या आधी एक बाहुली पडद्यावर येऊन मुलांशी दोन मिनिटं गप्पा मारू दे, नावं विचारू दे, "मागे बघ म्हणून सांगाल ना मला?" असं विचारू दे. एकदा त्यांना कळलं की बोलायला परवानगी आहे, की खेळ त्यांचा झाला. अगदी लहान मूल वाघाला घाबरलं तर म्हातारीनेच त्याच्याकडे वळून सांगायचं की काळजी करू नकोस, तो नुसता आवाज करतो. खेळ झाल्यावर बाहेर या आणि बाहुली हातावर कशी बसते ते दाखवा. मुलांना रहस्य कळलं तरी काही बिघडत नाही, बाहुली हातात घालून दिली की तीच मुलं तिच्याशी पुन्हा बोलायला लागतात.

नंतर बाहुल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम आणि दमट हवेने बुरशी येते. आधी वाळवा, मग सुती कापडात, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला.

पुढे कधी तिकीट लावून नाट्यगृहात करायचं ठरलं तर संहिता आधी महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याला वेळ हातात ठेवा.

शिकायला कुठे बघायचं

ही कला आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' हे नाटक करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि कितीतरी वर्षांनी रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या. आणि त्याहून जुनी परंपरा अजून चालू आहे ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळ पिंगुळीला. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (एकेक चित्र दाखवत कथा सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या, तिन्ही सांभाळल्यात, रामायण-महाभारतातल्या कथा गात-वाजवत सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, त्यांनी घरच्या गोठ्यात या बाहुल्यांचं आणि चित्रांचं संग्रहालय उभं केलंय. कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, पिंगुळी अगदी जवळ आहे. मे महिन्यात मालवणला जाणारी कितीतरी कुटुंबं याच रस्त्याने पुढे निघून जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना घेऊन जा, आधी फोन करून खेळ बघायला मिळेल का ते विचारा, आणि बघताना पहिल्यांदा कथा ऐका, दुसऱ्यांदा मात्र कलाकाराच्या मनगटाकडे लक्ष ठेवा, दोरी किती कमी हलवतात ते मोजा. कलाकार समोर असतील तर विचारायला लाजू नका. आणि तिथून एखादं चित्र किंवा बाहुली विकत घ्या, घासाघीस न करता.